सहावा ढब्बू

त्या साली, म्हणजे २००६ च्या डिसेंबरात, बोरी बुद्रुकमध्ये ज्याला त्याला बिबट्याची भीती होती. उसाच्या कडेनं जाताना माणसं मोठमोठ्यानं बोलत, बायका रिकामे डबे वाजवत, आणि कुणाच्या दारात कोंबडीची चार पिसं दिसली की संध्याकाळपर्यंत गावात दोन बिबटे आणि तीन पिल्लं झालेली असत. भरत मात्र भर दुपारी उसातल्या वाटेनं एकटाच चालत यायचा. लोक म्हणायचे, आफ्रिकेत सिंह बघून आलाय, त्याला काय बिबट्याचं. भरतनं आफ्रिकेत सिंह सोडाच, साधं हरीणही पाहिलं नव्हतं. त्याला भीती होती ती खिशातल्या मोबाइलची.

बुधवारी सकाळी त्या मोबाइलवर झांबियाहून फोन आला होता. गावात रेंज यायची ती पाण्याच्या टाकीपाशी, म्हणून भरत टाकीच्या जिन्यावर उभा होता. फोनवर पटनायक साहेब होते, तो ज्या कंपनीच्या ड्रिलिंग मशिनवर कामाला होता तिथले मॅनेजर. दीड महिन्याच्या सुट्टीवर आलेल्या माणसाची एरवी त्यांनी आधी खुशाली विचारली असती. त्या दिवशी एकदम मुद्द्यावरच आले.

"भरत, एक्केचाळीस नंबरच्या होलात तू काही टाकलं होतंस का?"

"न्हाई साहेब," भरत म्हणाला.

"नीट आठव. काहीही? चुकून?"

"न्हाई, न्हाई. मी कशाला टाकू?"

साहेबांनी फोन ठेवला. भरत जिन्यावरच बसला. कारण त्यानं टाकलं होतं, आणि काय टाकलं होतं याचा खरा अर्थ त्याला साहेबांचा प्रश्न ऐकताना पहिल्यांदा कळला होता.

भरत आणि राजुरीचा राकेश, दोघांनी बारा वर्षं जुन्नर आणि आंबेगावच्या खडकाला भोकं पाडली होती. भीमाशंकरच्या पायथ्यापासून बेल्ह्याच्या माळापर्यंत बोअरची गाडी न्यायची, भरतनं दांडे धरायचे आणि राकेशनं कॉम्प्रेसर सांभाळायचा. डबा एकत्र, झोप एका गाडीखाली. भांडण झालं तरी ते मशिनच्या आवाजात कुणाला ऐकू जायचं नाही, त्यामुळे टिकायचंही नाही. मग नारायणगावात एक एजंट आला. आफ्रिकेत तांबं शोधायला बोअरवाले पाहिजेत म्हणाला. पाण्याची भोकं पाडणारे दोघे विमानात बसून तांब्याची भोकं पाडायला गेले.

तिकडे चिंगोला गावाभोवती साठ-सत्तर वर्षांच्या तांब्याच्या खाणी आहेत. खाणीतून काढलेल्या मातीचे ढीग शिवनेरीएवढे. त्या जुन्या खाणींच्या मधल्या रानात कुठं नवीन तांबं लागतंय का, ते कंपनी बघत होती. काम ओळखीचंच होतं, फक्त इथं पाण्यासाठी खाली बघायचं आणि तिथं भुकटीसाठी. एक मीटर खोल गेलं की वर आलेली दगडाची भुकटी एका पिशवीत भरायची, पिशवीवर नंबर टाकायचा आणि सही करायची. पिशव्या लॅबमध्ये जायच्या. मशिन भरत चालवायचा. पिशव्या राकेश भरायचा आणि सही त्याची असायची.

चाळीस भोकं पडली आणि चाळीसही कोरडी गेली, म्हणजे तांब्याच्या हिशेबानं कोरडी. चाळिसाव्या भोकाला रॉड तुटला, साखळी सुटली आणि राकेशच्या कानापासून वीतभर अंतरावरून जाऊन कॉम्प्रेसरवर आदळली. पत्रा असा आत गेला की त्यात डोकं ठेवता आलं असतं. राकेश हसला, तोंड धुतलं आणि कामाला लागला. भरतला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याचं कारण घरचं होतं. भरतच्या घरात बोअर घ्यायची म्हणजे एक रीत होती. वरचा लोखंडी पाइप बसवला, खाली कातळ लागला, की पाइपातून तांब्याचे पाच ढब्बू पैसे खाली सोडायचे. जुने, जाड, राजाच्या वेळचे. सहावा घरच्या देव्हाऱ्यात ठेवायचा. त्याला जोड म्हणायचे. पाणी लागलं की जोड नदीत सोडायची, म्हणजे धरणीचं देणं फिटलं. भरतच्या आईनं, सरूबाईनं, आफ्रिकेला निघताना पाच ढब्बू हळदीच्या फडक्यात बांधून त्याच्या बॅगेत घातले होते आणि सहावा देव्हाऱ्यात ठेवला होता. परक्या मुलखात हे कुठं करायचं म्हणून भरतनं चाळीस भोकं तसंच काम केलं. साखळी राकेशच्या कानाजवळून गेली तेव्हा त्याला वाटलं, हे आपल्या हातून राहिलं म्हणून झालं.

एक्केचाळिसाव्या भोकाचा पाइप बसल्यावर त्यानं फडकं सोडलं. राकेश बाजूलाच उभा होता. राकेशचं घर बौद्ध, बाबासाहेबांच्या वेळेपासूनचं. असल्या गोष्टी त्यांच्याकडं नव्हत्या.

"तुझं तू उरक, भाऊ," राकेश म्हणाला. "मी तिकडं बघतो." आणि त्यानं खरंच तोंड फिरवलं.

पाचही ढब्बू पाइपातून खडखडत खाली गेले. भरतनं हात जोडले, राकेशला काही होऊ देऊ नको म्हणाला, आणि मशिन चालू केलं.

आठ दिवसांनी लॅबचा कागद आला. बारा नंबरच्या, म्हणजे पाइपाच्या बुडाशी कातळ सुरू होतो तिथल्या पिशवीत तांबं होतं. चांगलं तांबं. कॅम्पात बकरा कापला, गोऱ्या साहेबानं भरतच्या खांद्यावर हात ठेवला. भरत मनात म्हणाला, देणं पोचलं. बारा वर्षं मुरलेला बोअरवाला, पण ते पाच ढब्बू मशिनच्या दातांखाली दळले गेले आणि तीच भुकटी पिशवीत आली, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. ढब्बू म्हणजे देणं, हेच त्याच्या डोक्यात लहानपणापासून बसलेलं. ते तांबं आहे, आणि आपण तांबं शोधायला आलोय, या दोन गोष्टी त्यानं शेजारी ठेवूनच पाहिल्या नव्हत्या. आनंदात त्यानं सुट्टी घेतली आणि घरी आला.

साहेबांनी विचारलं त्याअर्थी, शेजारी नंतर पाडलेल्या भोकांत काही लागलं नसणार. कुणीतरी पिशवीतली भुकटी भिंगाखाली धरली असणार, आणि त्यात दगडातलं तांबं न दिसता घडवलेल्या तांब्याचे कण दिसले असणार. पिशवीत बाहेरून तांबं मिसळणं म्हणजे त्या धंद्यात दरोडाच. असं खोटं तांबं दाखवून लोकांचे पैसे लुटलेल्या कंपन्यांच्या गोष्टी कॅम्पात जेवताना निघायच्या. भरतनं चिंगोलात एकदा तांब्याची केबल चोरणाऱ्या माणसाला पोलिसांनी नेताना पाहिलं होतं. त्याच्या पायात चप्पल नव्हती आणि एक डोळा मिटलेला होता. पुढं त्याचं काय झालं ते कुणी सांगितलं नाही, आणि भरतनं विचारलं नाही.

बुधवारी तो टाकीवरून घरी आला आणि बायकोला, तेजस्विनीला, म्हणाला की मला परत जायचं नाही. शनिवारचं विमानाचं तिकीट त्यानं कपाटात साड्यांच्या खाली सरकवलं.

गुरुवारी दुपारी रत्ना आली. राकेशची बायको. राजुरीहून जीपनं आली होती, फाट्यापासून चालत. अंगणात चप्पल काढून सरळ भरतसमोर बसली. तेजस्विनीनं पुढं केलेला पाण्याचा तांब्या तिनं तसाच बाजूला ठेवला.

"भरतभाऊ, यांचा फोन आला व्हता. दोन मिनिटं बोलले. तिथं यांचा पासपोर्ट काढून घेतलाय. कंटेनरमदी ठेवलंय, भाईर माणूस बसवलाय. पिशवीत तांबं मिसळलं म्हणत्यात. सोमवारी पोलिसांत देणार हायेत."

भरतच्या डोळ्यांसमोर चप्पल नसलेला माणूस आला, फक्त त्याचं तोंड आता राकेशचं होतं.

"हे म्हणाले, रत्ना, तू भिऊ नको," ती पुढं म्हणाली. "म्हणाले, मी साहेबास्नी खरं ते सांगितलंय. भरतनं पैसे सोडले व्हते, त्याच्यात वाईट कायी न्हाई, त्याला इचारा, तो सांगल. साहेब तुमाला फोन करणार व्हते. आला का फोन?"

"काल सकाळी आला व्हता की," तेजस्विनी म्हणाली. बिचारीला काही ठाऊक नव्हतं.

रत्नाचा चेहरा एकदम सैल पडला. तोवर तिनं तो किती ओढून धरला होता ते तेव्हा दिसलं. "मग? काय म्हणाला तुमी?"

राकेशनं खरं सांगितलं होतं. साहेबांनी ते पडताळायला भरतला विचारलं होतं. आणि भरतच्या एका 'न्हाई'नं राकेश खोटा ठरला होता, चोर ठरला होता. हे सगळं भरतला त्या एका क्षणात कळलं. कळलं म्हणून तोंडातून खरं बाहेर पडतं असं थोडंच आहे. माणूस भ्यालेला असला की जीभ आधी स्वतःचा जीव बघते.

"रेंज गेली," तो म्हणाला. "नीट आईकूच आलं न्हाई, वयनी."

"मग लावा ना परत." तिनं पदराच्या गाठीतून नंबरचा कागद काढून त्याच्या हातात दिला. "मी बसते हितं."

मोबाइलवरून परदेशी फोन लागायचा नाही, म्हणून भरत मोटारसायकल काढून आळेफाट्याला गेला. एसटीडीच्या दुकानासमोर गाडी लावली. आत काचेची खोली रिकामी होती, दुकानदार पेपर वाचत होता, आत जाऊन नंबर फिरवायचा एवढंच काम होतं. भरत गाडीवर बसून राहिला. हो म्हटलं की आधीचं 'न्हाई' खोटं ठरणार. एकदा खोटं बोललेल्या माणसाचं कोण ऐकणार? राकेशनं आणि यानं मिळूनच केलं म्हणतील. आता न जाता इथंच राहिलं तर इतक्या लांब कोण धरायला येतंय? राकेश शहाणा आहे, इंग्रजी दोन शब्द जास्त येतात त्याला, सुटेल तो. असं बरंच काही त्यानं स्वतःला सांगितलं आणि त्यातलं एकही त्याला पटलं नाही. दोन तासांनी तो घरी आला.

"लागला न्हाई," तो म्हणाला.

रत्ना उठली. तिनं त्याच्याकडं बघितलं, जरा जास्त वेळच बघितलं. "उद्या येते," म्हणाली आणि जीप गाठायला निघून गेली. पाण्याचा तांब्या तसाच भरलेला होता.

शुक्रवारी सकाळी सरूबाई आंघोळ करून देव्हाऱ्यासमोर बसली. भरत चहा घेत होता, म्हणजे कप हातात धरून होता.

"भरत, जोड सोडायची राहिलीय," ती म्हणाली. "तुझं तांबं लागलं, सगळीकडं बोलबाला झाला, आन ही आपली अजून हितंच. धरणीचं ठेवून घेऊ नये. चल, नदीवर जाऊन येऊ."

तिच्या तळहातावर सहावा ढब्बू होता. रात्रभर भरत फोनचा आणि तिकिटाचा विचार करत होता, हा ढब्बू त्याच्या डोक्यातच नव्हता. त्या पाचांचा हा भाऊ, एकाच घडणीचा. लॅबमध्ये नेऊन ठेवला तर पिशवीतले कण कुठून आले ते हाच सांगणार. जगात राकेशच्या बाजूनं बोलणारी दुसरी वस्तू नव्हती, आणि म्हातारी ती कुकडी नदीत टाकायला निघाली होती. तीही त्याच्याच हातानं. त्यानं काही करायचंही नव्हतं, फक्त आईचं ऐकायचं होतं.

तो तिच्यामागं मुकाट्यानं नदीवर गेला.

घाटाच्या खालच्या पायरीवर पाणी थंड होतं. सरूबाईनं ढब्बूला हळद लावली, त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "सोड. राकेशचं बी नाव घे. तो बी तिथंच हाय बिचारा."

भरतनं हात पाण्यावर धरला. मूठ उघडायची आणि झालं. पाणी खोल होतं, तळाला गाळ होता, पुन्हा तो कुणाला सापडला नसता. मूठ उघडायची भीती वाटत होती आणि मिटून ठेवायचीही, आणि दोन्हीतली कोणती मोठी ते ठरत नव्हतं. मग त्याला साखळीचा आवाज आठवला, तो पत्रा आठवला. मी हे ढब्बू राकेशला जपायला टाकले होते, त्याच्या मनात आलं. त्याच्या गळ्याला फास लावायला नाही.

तो पायरीवर बसला आणि त्यानं आईला सगळं सांगितलं. सांगताना तो रडला. चौतिसाव्या वर्षी आईसमोर रडायला लाज वाटते, पण त्याला त्या घडीला वाटली नाही.

सरूबाईला लॅब आणि भिंग काही कळलं नाही. नेमकं जे कळायला पाहिजे ते मात्र कळलं.

"म्हंजी माज्या पैशानं त्याला कोंडलाय," ती म्हणाली.

"तुझ्या न्हाई, आई. माज्या बोलण्यानं."

तिनं पाण्याकडं पाहिलं. एकुलता एक मुलगा होता तिला. "काल ती पोरगी दोन तास माज्या वसरीवर बसली व्हती," ती म्हणाली. "घोटभर पाणी पिली न्हाई. आन तू गाडीवर बसून आलास." तिनं त्याच्या हातातल्या ढब्बूची हळद आपल्या पदरानं पुसून काढली. "ठिव खिशात. जा, फोन लाव."

आळेफाट्याला एसटीडीसमोर रत्ना जीपमधून उतरतच होती. काचेच्या खोलीचं दार भरतनं उघडंच ठेवलं, तिला ऐकू यावं म्हणून. तिसऱ्या खेपेला नंबर लागला.

"साहेब, मी टाकले व्हते. एक्केचाळीसला. तांब्याचे पाच पैसे. आमच्याकडं रीत हाय. राकेशनं हातबी लावला न्हाई."

"परवा तू नाही म्हणालास. आता हो म्हणतोस. मी कोणतं खरं धरू?"

"पाइप उपसून बघा साहेब. बुडाला एखादा आडकला आसंल."

"पाइप मागच्या आठवड्यात काढला. भोक सिमेंटनं बुजवलं. इथं सगळ्यांना वाटतंय की राकेशच्या बायकोनं तुझे पाय धरले म्हणून तू हे बोलतोयस."

"सहावा पैसा माज्याकडं हाय. त्याच घडणीचा. तुमी तपासा."

"मग घेऊन ये. सोमवारच्या आत, स्वतः. पण भरत, एक स्पष्ट सांगतो. आलास तर कंपनीचे वरचे लोक तुझाही पासपोर्ट काढून घेतील. पुढं काय करतील ते माझ्या हातात नाही."

भरतनं डोळे मिटले. "येतो," तो म्हणाला. आवाज इतका बारीक निघाला की त्याला तो पुन्हा म्हणावा लागला.

तो बाहेर आला तेव्हा रत्ना खांबाला टेकून उभी होती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"काल फोन लावलाच न्हवता ना तुमी?"

"न्हाई."

"आन परवा रेंज बी गेली न्हवती."

"न्हाई, वयनी. भ्यालो मी."

रस्त्यावरून कांद्याचे ट्रक चालले होते. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि रागही होता, आणि तिनं दोन्ही लपवलं नाही. "ते बी भ्याल्यात, भाऊ," ती म्हणाली. "फोनवर हासत व्हते, पर मला कळतं ना." मग ती जीपकडं गेली.

शनिवारी पहाटे तेजस्विनीनं साड्यांखालचं तिकीट काढून त्याच्या हातात दिलं. ती नुसती रडत होती. लेक झोपेत होती, तिला उठवलं नाही. सरूबाईनं दारात उभं राहून त्याच्या कपाळाला कुंकू लावलं आणि खिशावर हात फिरवून ढब्बू आहे ना ते पाहिलं.

आळेफाट्याच्या स्टँडवर उजाडलं तेव्हा कल्याणची गाडी लागलेली होती. भरत खिडकीशी बसला. दर दोन मिनिटांनी त्याला वाटे, उतरावं. कंडक्टर अजून चहा पीत होता, दार उघडं होतं, उतरणाऱ्याला कुणी विचारलंही नसतं.

खिडकीखाली रत्ना आली. हातात कापडी पिशवी. तिनं पिशवी वर दिली. आत जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेले दोन पुडे होते, चांगले जड.

"शेंगदाण्याचे लाडू हायेत. आन चटणी," ती म्हणाली. "एक यांचा, एक तुमचा."

"मला कशाला, वयनी?"

"आसू द्या." ती सरळ त्याच्याकडं बघून म्हणाली, "दोघांना एका जागी ठिवत्यात का येगयेगळं, म्हायीत न्हाई ना. म्हणून दोन बांधल्यात."

कंडक्टर आला, त्यानं दार ओढलं आणि घंटी दिली. भरतनं दोन्ही पुडे मांडीवर घेतले. गाडी माळशेजच्या रस्त्याला लागली.